चॅप्टर केसची नोटीस, नगरपंचायतीचं तिकीट आणि आजोबांनी सांगितलेला खासदार

पत्र असं आहे (बरंच मोठं होतं, मी कापलंय):

"ताई, मी 27 वर्षांचा, दोडामार्ग तालुक्यातला. एलएलबी झालं, सनद घेऊन दीड वर्ष झालं, पण प्रॅक्टिस म्हणावी असं काही नाही. गावातल्यांचे अर्ज लिहून देणं, माहिती अधिकार टाकणं, कोणाला पोलीस स्टेशनला बोलावलं की सोबत जाऊन बसणं, एवढंच चालतं. बाबा म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. पावसाच्या आधी आम्ही रस्त्यासाठी दोन तास रास्ता रोको केला, शांततेत, एक काच फुटली नाही. आता मला एकट्याला चॅप्टर केसची नोटीस आलीय, पुढच्या आठवड्यात तहसीलदारांसमोर तारीख आहे, आणि सगळे म्हणतायत बाँडवर सही करून टाक, विषय संपव. तिकडे एका पक्षाचे लोक घरी येऊन गेले, आमच्याकडे ये, नगरपंचायतीचं तिकीट देतो, मग असल्या नोटिसा येणार नाहीत म्हणाले. बाबांना एमपीएससी हवीय, नाहीतर स्थळं येणार नाहीत. मला खरं तर कधीतरी आमदार व्हायचंय पण हे बोललं की लोक हसतात. माझे आजो गोवा सत्याग्रहाच्या वेळी सत्याग्रहींना भाकऱ्या पोचवायचे, ते सांगायचे, 'मधु लिमये म्हणान एक खासदार होतो, मराठी माणूस पण बिहारातसून निवडान येय, तसो माणूस आता गावाचो नाय.' तसा एकटा माणूस सभागृहात जाऊन खरंच काही करू शकतो का? तिकीट घेऊ का? — गोंधळलेला"

अरे गोंधळलेल्या,

हसणाऱ्यांना हसू दे, आमदार व्हायला कायद्याने वय 25 लागतं आणि तू दोन वर्षांपूर्वीच पात्र झालास. पण तारीख पुढच्या आठवड्यात आहे म्हणून आधी नोटिशीचं बोलू, आणि गंमत म्हणजे तुझ्या आजोबांचा तो खासदार नेमका या नोटिशीवरूनच सुप्रीम कोर्टात गेला होता, त्यामुळे दोन्ही विषय तसे एकच आहेत.

चॅप्टर केस हे नाव कुठून आलं माहितीये ना? इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं आठवं चॅप्टर, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणं. अजून काही केलेलं नाही पण करशील असा संशय, म्हणून आत्ताच लिहून दे की करणार नाही, हाच तो बाँड. स्वातंत्र्य आलं, 1973 ला नवी संहिता आली, कलम 107 तसंच राहिलं, आता 2024 च्या जुलैपासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 107 चं 126 झालं, प्रकरण आठवं होतं ते नववं झालं, पण कोर्टाच्या आवारात शिपायापासून वकिलापर्यंत सगळे अजून चॅप्टर केसच म्हणतात.

आता लिमये. माणूस पुण्याचा, जन्म 1 मे 1922, फर्ग्युसन कॉलेज. 1940 साली युद्धाच्या विरोधात भाषण केलं म्हणून पहिल्यांदा जेलमध्ये, वय अठरा, धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजी सोबत. मग बेचाळीसला भूमिगत, 1943 ला परत पकडले गेले, वरळी, येरवडा, विसापूर असं करत 1945 पर्यंत आतच. तुझ्या वयात तू एलएलबी केलंस, त्यांनी डिग्री अर्धवट सोडली आणि तुरुंगात बसून वाचन केलं. (ही डिग्री सोडायची आयडिया नाही, तुझी सनद सांभाळून ठेव, ती लागणार आहे.)

1955 मध्ये ते सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. त्याच वर्षी आधी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट गेले होते, मग जुलैमध्ये लिमये. पोर्तुगीज पोलिसांनी बेदम मारलं, लष्करी कोर्टाने 12 वर्षांची शिक्षा ठोठावली, त्यांनी त्या कोर्टापुढे बचावच केला नाही कारण ते कोर्टच त्यांना मान्य नव्हतं. दीड वर्षाहून जास्त काळ आत होते, 1957 ला सुटले. घरी बायको आणि अगदी लहान मुलगा. तुझे बाबा लष्कराच्या भाकऱ्या म्हणून टोमणा मारतात ना, तुझ्या आजोबांनी त्या खरोखरच नेल्या, फक्त ते लष्कर बिनहत्यारी होतं. बाबांना हे एकदा हसत हसत सांगून बघ, चिडून नको.

बिहारचं असं झालं की 1964 च्या पोटनिवडणुकीत मुंगेरमधून ते लोकसभेत गेले. विचार कर, पुण्याचा मराठी माणूस, मुंगेरला ना जातगोत ना भावकी ना शेतीवाडी. 1967 ला तिथूनच परत. 1971 च्या इंदिरा लाटेत पडले. 1973 ला बांका पोटनिवडणूक जिंकले, 1977 ला पुन्हा बांका. चार वेळा खासदार, चारही वेळा बिहार. आपल्याकडे दोन गाव पलीकडचा उमेदवार दिला तरी 'उपरा' म्हणून बॅनर लागतात, त्यामुळे हे वाचताना मला नेहमी थोडं लाजल्यासारखं होतं.

आणि आता तुझ्या नोटिशीशी जोडलेला भाग, हा नीट वाच कारण तारखेला कामाचा आहे.

6 नोव्हेंबर 1968. लखीसराय रेल्वे स्टेशन, मुंगेरजवळ. लिमये तेव्हा लोकसभेचे विद्यमान खासदार, त्यांना आणि सोबतच्या लोकांना अटक झाली. कशासाठी विचारलं तर नीट सांगेना कोणी, फक्त एवढंच की कलमं जामीनपात्र आहेत. म्हणजे तुला रात्री उचलून नेलं आणि घरच्यांनी विचारलं तर 'काही नाही हो, किरकोळ कलमं आहेत' असं सांगतात ना, डिट्टो तेच. तुझ्या माझ्यासारखा असता तर जामीन घेऊन घरी आला असता आणि चहा पीत शिव्या घातल्या असत्या. लिमयेंनी त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. घटनेच्या कलम 22 प्रमाणे अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं सांगावीच लागतात, मला सांगितलेली नाहीत, सबब ही अटक बेकायदेशीर. कोर्टाने ते पत्र कलम 32 खालची, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात करायची याचिका म्हणून घेतलं. सरकारचं म्हणणं असं की नंतर मॅजिस्ट्रेटने कोठडी दिलीये ना, मग आता सुरुवातीची चूक काढून काय उपयोग. कोर्ट म्हणालं असं चालत नाही, मुळात घटनेचा भंग झालाय, मॅजिस्ट्रेटने यांत्रिकपणे कोठडीचा शिक्का मारला म्हणून तो भंग धुतला जात नाही. सुटका. खटल्याचं नावच 'इन रे मधु लिमये'. आता 2023 ला सुप्रीम कोर्टाने पंकज बन्सल खटल्यात सांगितलं की ईडीला अटकेची कारणं लेखी द्यावी लागतील, तोही याच रस्त्यावरचा पुढचा टप्पा.

मला यातलं काय आवडतं सांगू, त्यांनी यात खासदारकी वापरलीच नाही. मी खासदार आहे म्हणून सोडा असं नाही म्हणाले. जो मुद्दा काढला तो लखीसराय स्टेशनवरच्या हमालालाही लागू पडेल असा काढला. आपल्याकडे लोकप्रतिनिधीला पोलिसांनी अडवलं की पहिलं वाक्य काय असतं ते तुला माहितीये, 'मी कोण आहे ओळखत नाहीस का'.

1970 मध्ये त्यांनी अख्खं कलम 144 (जमावबंदीचं) आणि चॅप्टरची कलमंच सुप्रीम कोर्टात आव्हानाला टाकली, की हे सगळं घटनाबाह्य आहे. सात न्यायाधीशांचं खंडपीठ, सरन्यायाधीश हिदायतुल्ला. आणि इथे लिमये हरले, म्हणजे कलमं टिकली, ती आजही आहेत, 144 चं आता 163 झालंय. पण हरता हरता एक गोष्ट मिळवली जी तुझ्या कामाची आहे. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की मॅजिस्ट्रेटला चौकशी सुरूच न करता माणसाला 'आधी तात्पुरता बाँड दे, नाहीतर आत जा' असं म्हणता येणार नाही. पोलिसांनी दिलेल्या माहितीत तथ्य आहे का हे बघायला सुरुवात तरी करायला हवी, मग तातडीची गरज वाटली तर अंतरिम बाँड.

म्हणून तुझी तारीख, तिथे तुझा मॅजिस्ट्रेट म्हणजे तहसीलदारच. 'सही करून टाक' म्हणणारे वाईट लोक नाहीत, त्यांना तुझा त्रास वाचवायचाय, पण मी माझ्या वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका अशिलाला असंच म्हटलं होतं, जाऊ दे काका जातमुचलका लिहून द्या एक वर्षाचा, आणि आठ महिन्यांनी बांधावरून भावकीत बाचाबाची झाली, दोष समोरच्याचा, पण बाँड ह्यांचा, तो जप्त करायची नोटीस आली. त्या काकांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून मी न वाचता कोणाला सही करायला सांगत नाही.

तू काय कर, तहसीलदारांसमोर उभा राहिलास की नम्रपणे लेखी आदेशाची प्रत माग. कलम 130 प्रमाणे (जुनं 111) त्या आदेशात पोलिसांकडून काय माहिती आली त्याचा सारांश, बाँडची रक्कम, मुदत, सगळं लिहिलेलं असायला हवं. नुसतं 'शांतता भंग होण्याची शक्यता' असं छापील वाक्य असेल तर तेवढंच लेखी उत्तरात दाखव, की मी नेमकं काय केलं किंवा काय करणार आहे ते यात कुठे आहे. चौकशी व्हावी असं सांग, साक्षी होऊ देत, तुझे रास्ता रोकोचे व्हिडिओ असतील ना, पेन ड्राइव्हमध्ये ठेव. कलम 135 प्रमाणे चौकशी सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही तर ती आपोआप संपते, खास कारण लिहून वाढवली नाही तर. उगाच आवाज चढवू नकोस, तहसीलदारांना रोज अशा पन्नास फाइली असतात, त्यांच्याशी तुझं वैर नाही. आणि तू स्वतः वकील असलास तरी एक सीनियर सोबत ने, स्वतःच्या केसमध्ये आपली जीभ जरा जास्तच चालते.

बाबांना सांग की ही शिक्षा नाही, हा गुन्ह्याचा निकालही नाही, ही खबरदारीची कारवाई आहे. एमपीएससीच्या किंवा कुठल्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये विचारलं तर खरं लिहायचं, लपवलेलं सापडलं तर त्याने जास्त नुकसान होतं.

बरं, आता तिकीट.

तू विचारलंस एकटा माणूस सभागृहात काय करतो. लिमये बहुतेक काळ विरोधी बाकांवर छोट्या पक्षाचे खासदार होते, म्हणजे मतदान झालं की हरणार हे ठरलेलंच. तरी ते उभे राहिले की समोरच्या बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची असं तेव्हाचे पत्रकार लिहून गेलेत. कारण काय, भाषणबाजी नाही, नियमांचं पुस्तक. तारांकित प्रश्न, उपप्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, हक्कभंग, स्थगन प्रस्ताव, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं), ही सगळी हत्यारं एका माणसाला वापरता येतात, त्याला बहुमत लागत नाही, लागतो तो अभ्यास. मंत्र्याने मार्चमध्ये दिलेलं उत्तर आणि ऑगस्टमध्ये दिलेलं उत्तर शेजारी ठेवून तिसरा प्रश्न विचारायचा, की साहेब यातलं खरं कुठलं. तू माहिती अधिकारात हेच करतोस की रे, छोट्या स्केलवर.

कोर्टातही तसंच. 1974 मध्ये त्यांनी दिल्लीत पत्रकार परिषदेत तेव्हाच्या महाराष्ट्राच्या कायदामंत्र्यांवर आरोप केले, राज्य सरकारने बदनामीचा खटला लावला, तो लढत लढत सुप्रीम कोर्टात गेला आणि 1977 ला खटला रद्द झाला. त्यात कोर्टाने हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराबद्दल, म्हणजे आपण ज्याला 482 म्हणायचो आणि आता 528 म्हणतो, जे काही सांगितलं ते आजही क्वॉशिंगच्या, म्हणजे खटला रद्द करून मागण्याच्या, जवळपास प्रत्येक अर्जात येतं. ज्युनियर पोरं 'मधु लिमये व्हर्सेस स्टेट ऑफ महाराष्ट्र' असं धाडधाड लिहितात आणि अर्ध्यांना वाटतं हा कुणीतरी आरोपी होता. बरोबरच आहे म्हणा, आरोपीच होते.

पण मला तिकिटाबद्दल सांगायचंय ते 1976 चं आहे. आणीबाणी लागली जून 1975 ला, लिमयेंना जुलैमध्ये मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवायच्या कायद्याखाली, उचललं, मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत ठेवलं. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च 1976 मध्ये संपत होती. सरकारने कायदा करून ती एक वर्ष वाढवली, निवडणूक नाही काही नाही. आता बघ हां, मुदत वाढली म्हणजे लिमयेंचीही खासदारकी वाढली, फुकटात. तुरुंगात असलेल्या माणसाला खासदारकी हे केवढं कवच असतं, पगार चालू, पद चालू. त्यांनी नरसिंहगडच्या तुरुंगातून राजीनामा पाठवला. म्हणणं साधं होतं, लोकांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, सहाव्या वर्षाचा मला अधिकार नाही. सोबत तरुण शरद यादव, तेही तिथेच होते, जबलपूरच्या पोटनिवडणुकीतून नुकते निवडून आलेले, त्यांनीही दिला. विरोधातले बाकीचे बरेच जण, चांगले चांगले लोक, खुर्चीवर राहिले, मी त्यांना नावं ठेवत नाही, प्रत्येकाकडे कारण असतं. पण राजीनामा देणारे म्हणून आठवायला ही दोनच नावं येतात.

आणि त्याच वर्षी 28 एप्रिलला सुप्रीम कोर्टाने एडीएम जबलपूर खटल्यात सांगितलं की आणीबाणीत हेबियस कॉर्पसचा (बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा) दरवाजा बंद, न्यायमूर्ती खन्ना एकटेच विरोधात. म्हणजे ज्या दरवाजाने 1968 ला एका पत्रावर लिमये बाहेर आले तोच आठ वर्षांत बंद झाला, आणि माणूस पुन्हा आत. जिंकलेला हक्क एफडीसारखा लॉकरमध्ये पडून राहत नाही बाबा.

1977 ला जनता पक्षाची सत्ता आली, मंत्रिपद मिळत असताना घेतलं नाही, पक्षाचं सरचिटणीसपद सांभाळलं. पुढे स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन घेतलं नाही, माजी खासदाराचंही नाही. अगदी निर्दोष होते असंही नाही हं, जनता पक्ष 1979 ला फुटला त्यात दुहेरी सदस्यत्वाच्या (जनता पक्षात राहून संघाशीही नातं ठेवायचं का) वादात लिमये आघाडीवर होते, मुद्दा त्यांचा मला पटतो पण वेळ आणि हट्ट या दोन्हीबद्दल आजही दोन जुने समाजवादी एकत्र बसले की भांडण होतं, माझ्या सासऱ्यांनी यावरून एका मित्राशी चार वर्षं बोलणं टाकलं होतं. 1982 नंतर लिमये सक्रिय राजकारणातून बाजूला झाले आणि लिहीत राहिले, शेवटपर्यंत, 8 जानेवारी 1995 पर्यंत.

तर, तुझ्याकडे तिकीट घेऊन आलेल्यांचं एक वाक्य तू स्वतःच लिहिलंयस, 'मग असल्या नोटिसा येणार नाहीत'. हे वाक्य तुला खटकलं नाही का? मला तर तिथेच थांबावंसं वाटलं. नोटीस चुकीची असेल तर ती कोणालाच यायला नको, आणि बरोबर असेल तर तिकीट घेतल्याने ती कशी थांबते? ज्याच्या शब्दाने नोटीस थांबते त्याच्या शब्दाने ती येतही असणार, एवढं गणित तुला येतं. आज ते तिकीट कवच म्हणून देतील, उद्या तुझ्याच वॉर्डातल्या दुसऱ्या कुठल्या पोराला नोटीस लागेल तेव्हा तू कोणत्या तोंडाने त्याच्या सोबत स्टेशनला जाऊन बसणार.

मी पक्षात जाऊच नको असं म्हणत नाहीये, लिमयेही आयुष्यभर पक्षातच होते, अपक्ष राहून पवित्र राहता येतं हा एक भ्रम आहे. पण डोळे उघडे ठेवून जा. नगरपंचायतीतसुद्धा 1986 च्या कायद्याने पक्षादेश (व्हीप) लागू होतो, पक्षाच्या विरोधात मत दिलंस की पद जाऊ शकतं. आमदार-खासदारांना 1985 पासून दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आहेच. पण व्हीप असतो तो मतदानाला. प्रश्न विचारायला, इतिवृत्ताची प्रत मागायला, ठेक्याची फाइल बघायला, सभेत उभं राहून 'हा ठराव कोणत्या नियमाखाली' असं विचारायला व्हीप लागत नाही. पक्षवाल्यांना आत्ताच, तिकिटाच्या आधी, चार लोकांसमोर विचार की सभागृहात मी हे करणार, चालेल का. त्यांचा चेहरा बघ. उत्तर तोंडातून येण्याआधी चेहऱ्यावर येतं.

पैशाचंही बोलायला हवं, त्याशिवाय हा सगळा पोवाडा होईल. लिमयेंच्या पत्नी चंपाताई प्राध्यापक होत्या, आणि पूर्णवेळ राजकारण करणाऱ्याच्या घरात कोणाचातरी पगार लागतोच, इतिहासात त्या पगाराचं नाव येत नाही. तुझ्या घरात तो पगार कोणाचा असणार? बाबांचा? मग त्यांना एमपीएससी म्हणायचा हक्क आहे, वैतागू नकोस. माझं मत विचारशील तर तीन वर्षं प्रॅक्टिस मन लावून कर. मोटार अपघाताचे क्लेम, वारस दाखले, फेरफाराची अपिलं, कंटाळवाणं काम पण घर चालतं, आणि लोकांची ओळख अशा कामातूनच होते. जो माणूस तुझ्याकडे सातबारा घेऊन येतो तो उद्या मत देतो. फी घे मात्र. फुकट केलेल्या कामाची लोक किंमत ठेवत नाहीत आणि मग आपणच कडवट होतो. आणि स्थळं येतील रे, नोटीस बघून जी मुलगी नको म्हणेल ती तुझ्यासोबत पुढे कशी राहिली असती.

एकट्याने ठराव केला म्हणजे जग बदलतं का, तर नाही, हेही लिहायला हवं. रावबहादूर सी. के. बोले माहिती आहेत का? 4 ऑगस्ट 1923 ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशातून बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं अस्पृश्यांना खुली. महाड नगरपालिकेने 1924 ला ठराव करून तळं खुलं केलं, कागदावर. पाण्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. 1926 ला बोले परत उभे राहिले, की जी नगरपालिका ऐकत नाही तिचं अनुदान बंद करा. आणि मग 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. तळ्याचा कोर्टातला निकाल यायला तर 1937 उजाडलं. पण बोल्यांचा तो कागद नसता तर महाडला बोट ठेवायला जागा काय होती? 'आम्ही हक्क नव्याने मागत नाही, तुमच्याच सभागृहाने दिलाय' असं म्हणता आलं ते त्या एका ठरावामुळे. बोले आपल्याकडचेच, भंडारी समाजातले, त्यांचं नाव आपल्या पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

किंवा मृणालताई गोरे घे. गोरेगावात हंडे घेऊन मोर्चे काढले, लोक पाणीवाली बाई म्हणायचे. 1986 मध्ये त्यांनी विधानसभेत गर्भलिंग चाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, ते आमदारालाही माहीत असतं. पण बाहेर महिला संघटना आणि डॉक्टर लोक याच मुद्द्यावर आवाज उठवत होते, दोन्हीकडून दाब पडला आणि 1988 ला महाराष्ट्र सरकारने स्वतः कायदा आणला, देशातला या विषयावरचा पहिला. केंद्राचा कायदा 1994 चा. म्हणजे सभागृहातला एकटा माणूस आणि बाहेरचे पुष्कळ लोक अशी जोडी असेल तर काहीतरी हलतं, यातला एक नसेल तर दुसरा नुसता ओरडत बसतो. तुझ्याकडे आत्ता बाहेरचे लोक आहेत, रास्ता रोकोला आलेले. नोटीस तुला एकट्याला आली तेव्हा त्यातले किती जण घरी आले? ते मोज. दहा जण आले असतील तर निवडणुकीचा विचार कर, दोनच आले असतील तर अजून वेळ आहे.

हो, आणि एक राहिलंच, पुढच्या आंदोलनाच्या आधी पोलीस स्टेशनला लेखी कळवून पोच घेत जा, आणि जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37 खाली जमावबंदीचा आदेश चालू आहे का बघ, तो आपल्याकडे दर पंधरा दिवसांनी निघत असतो आणि लोकांना गुन्हा दाखल झाल्यावर कळतो. रास्ता रोको ऐवजी आधी धरणं. रस्ता अडवला की ज्याच्यासाठी अडवतोय तोच माणूस एसटीत बसून आपल्याला शिव्या घालतो.

तारखेच्या आदल्या दिवशी आदेशाचा फोटो मला पाठव, नाव-गाव झाकून, उत्तराचा मसुदा मी बघून देते. सकाळी अकराला बोलावलं असेल तर साडेदहाला जा, पाण्याची बाटली ने, तिथे तीन वाजतात. आणि बाबांना सोबत ने. बाहेर बाकड्यावर बसू देत त्यांना, बाकीच्या लोकांच्या नोटिसा वाचून दाखवायला तुला कोणीतरी बोलावेलच, ते त्यांना बघू दे.

— ताई